राक्षसाची डावी भुवई

पांढरी साडी, पिंपळ, उलटे पाय... असलं काही वाचायला बसला असाल तर सॉरी हां. आपल्या किश्श्यात भर दुपार आहे. आणि मी भुतांना मानत नाही — फक्त त्यांचे आवाज काढतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी बारावीला, बदलापूरला. खरवईत नवीन बिल्डिंगी उठत होत्या, प्रत्येकीवर नजर लागू नये म्हणून राक्षसाच्या तोंडाचा पत्रा टांगलेला. मी गॅदरिंगसाठी एक चेहरा बसवला होता — डावी भुवई वर, जीभ उजवीकडे. पोरं हसून लोळायची. तर वर्गातला सुन्या म्हणतो, "कॉपी आहे भावा. खरवईचा राक्षस बघ."

बघितला. डिट्टो!

सुन्याने सरांकडे चुगली केली. सर म्हणाले, "कॉपी निघाली तर तुझा आयटम कट."

मी, आणि कॉपी? म्हटलं, ह्या राक्षसाचं मूळच शोधतो.

त्या बिल्डिंगच्या वॉचमनने दुकानाचा पत्ता दिला — उल्हासनगर, कॅम्प तीन. पत्रे विकणारा सिंधी दुकानदार मला चेहरा करताना बघून उडालाच. "साईं, तू तो अपना माल है! ये डिझाईन अंबरनाथ के पेंटर का है. बहुत पुराना."

अंबरनाथ पश्चिम. पेंटर आजोबा दारातच बसलेले. हात थरथरतात म्हणून ब्रश सोडून दहा वर्षं झालेली, घरात रंगाचा एक डबा नाही. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आलास? कर बघू."

मी केला. आजोबा टाळ्या पिटत हसले. ट्रंकेतून पिवळा पडलेला कागद काढला. तीच भुवई, तीच जीभ... आणि पुढच्या दाताचा टवका उडालेला. माझा दात गेल्याच रविवारी क्रिकेट खेळताना तुटला होता!

"कोणावरून काढलं, आजोबा?"

"तुझ्यावरून की! तीस वर्षं झाली. तूच म्हणालास, नीट काढा, नाहीतर लोक मला कॉपी म्हणतील. तुझ्या कॉलरवर लाल रंग उडाला माझ्याकडून... आईला सॉरी सांग."

मी तेव्हा अठराचा होतो हो!

आजोबांनी वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी दिली — 'चेहरा याचाच'. त्यावर माझा आयटम वाचला, पहिला नंबरही आला. बाकीचं मला आजपर्यंत कोणी समजावू शकलेलं नाही. कारण त्या दिवशी घरात पाय ठेवला, आणि आई —

"अरे मेल्या, कोरा शर्ट! कॉलरला लाल ऑइलपेंट?"

"आई, सॉरी... तो तीस वर्षांपूर्वीचा आहे."

"तीस वर्षं? हात लाव, ओला आहे अजून! आणि दात काय काढतोस राक्षसासारखे? रॉकेल आण!"