डबा वाजवण्याचा अर्ज

निजामाच्या राज्यात मी तीन वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिले. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाचं झाड होतं, त्याखाली एक सतरंजी, एक बुटकं मेज, दौत आणि मी. लोक मराठीत रडायचे आणि मी ते उर्दूत उतरवायचो. माझं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, घरात मात्र मराठी. दिवसभर या भाषेतून त्या भाषेत लोकांची गाऱ्हाणी वाहून नेता नेता डोकं बधिर व्हायचं. इतकी वर्षं झाली, तरी त्या कामाचं नाव काढलं की मला जांभई येते. घरच्यांना वाटतं म्हातारा गंमत करतो. गंमत कसली, खरोखरच येते.

एका गोष्टीचा मात्र मला तेव्हा गर्व होता. माझी उर्दू चांगली होती. सुरुवातीला 'जनाबे आली', शेवटी 'वाजिब जानकर अर्ज किया', हे तर सगळेच लिहायचे; मी मधल्या मजकुरातही रंग भरायचो. कुणाची शेळी हरवली तर माझ्या अर्जात ती शेळी म्हणजे घराण्याचा शेवटचा आधार असायची. कचेरीतला पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारा कारकून, अर्ज वाचता वाचता मान डोलवायचा आणि मी खिडकीतून ते बघून खूश व्हायचो. तरुण होतो आणि कंटाळलेलो होतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस नसते उद्योग करतो.

मार्गशीर्षात एक बाई आली. पन्नाशीची, विधवा, दोन कोसांवरच्या तलावाकाठच्या गावची. घरात सून आणि एक नात, मुलगा कामाला परगावी. त्या साली ज्वारी काळी पडून गेली होती, घरात दाणा नव्हता. सगळी भिस्त होती तलावातल्या गाळपेरीवर. तलावाचं पाणी ओसरत जातं तशी खालची गाळाची जमीन उघडी पडते, तिच्यात लोक हरभरा नाही तर गहू टाकतात. हिनं हरभरा टाकला होता. एवढाच एक पट्टा, आणि पुढचे आठ महिने तिघींनी त्याच्यावर काढायचे.

"हंस बसून राहिलेत त्याच्यात, दादा," ती म्हणाली. "सकाळच्याला थव्यानं उतरतेत. कोवळा पाला समदा कापून नेतेत."

आमच्याकडे दिवाळीनंतर हे पक्षी यायचे. राखी अंगाचे, पांढऱ्या डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. पुस्तकात त्यांना निराळं नाव असेल, गावचे लोक हंसच म्हणायचे.

"मग हाकला की."

"हाकलू देतंय कोण? म्या डबा वाजवते, तर तलावाचा राखणदार येऊन डबा हिसकून घेतो. म्हणतो, तलाव सरकारी हाय, पाखरंबी सरकारी हायेत. दादा, मला लई काही नको. येवढं डबा वाजवू द्या म्हणून एक चिठ्ठी लिवा."

खरं तर हे काम चिठ्ठीचंही नव्हतं. तो राखणदार आठवड्याच्या बाजाराला यायचा, माझ्या सतरंजीवर बसून विडी ओढायचा. "बाबा रे, बाईला डबा वाजवू दे," एवढं मी म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण डबा वाजवण्यासाठी अर्ज! मला तो विषयच फार फुटकळ वाटला. पेशकार हसेल, अशी भीती वाटली. म्हणून मी त्याला वजन आणलं. हंसाला उर्दूत 'काज' म्हणतात, तो शब्द घातला, आणि त्याच्या जोडीला मुर्गाबी, म्हणजे पाणबदकंही घातली, कारण वाक्य चांगलं वाजत होतं. तिच्या पट्ट्यात शे-दीडशे पक्षी उतरत असतील. मी लिहिलं, हजारहा, म्हणजे हजारोंनी, काज व मुर्गाबी या तलावावर असे उतरतात की पाणी दिसेनासं होतं. डब्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत कुठेतरी राहिला. तिनं अंगठा उठवला आणि दोन्ही हात जोडले.

त्या वर्षी आलेले तहसीलदार बंदुकीचे शौकीन होते, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. ठाऊक होतं. डोक्यात आलं नाही, इतकंच. अर्ज आत गेला आणि अर्ध्या तासात मला बोलावणं आलं. साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले होते. "क्या अर्जी लिखी है!" म्हणाले. "तलाव आँखों के सामने आ गया." मी लवून सलाम केला. आजही त्या सलामाची लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी हुकूम निघाला. वरचे साहेब दौऱ्यावर येणार आहेत, त्यांची शिकार होईपर्यंत सदर तलावावर कोणीही गलका करू नये, पाखरं बुजवू नयेत. इतके दिवस जी राखणदाराची नुसती मग्रुरी होती, तिच्यावर आता सरकारी शिक्का बसला. आणि तो शिक्का माझ्यामुळे बसला.

हुकूम गावात वाचून दाखवायला मलाच पाठवलं. मी चावडीवर वाचला, मराठीत सांगितला, आणि बाईकडे न बघता परत निघालो. पण वाट तलावावरूनच होती. बांधावर ती माझ्या आधीच येऊन बसली होती. रिकामे हात मांडीवर. समोर तिच्या हरभऱ्यात पाखरं चरत होती. एक-दोन जण मान उंच करून पहारा देत, बाकीचे खाली माना घालून चालत चालत पाला तोडत होते. घाई नाही, भांडण नाही. इतकी देखणी पाखरं मी जवळून कधी पाहिली नव्हती आणि त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला.

"एकदा खुडलं तर बरंच असतंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आमीबी भाजीला शेंडे खुडतोच की. फुटवा येतो. पन रोज खुडून राहिले तर काय येतंय, दादा?"

"साहेब येऊन जातील चार दिवसांत," मी म्हणालो.

"तेवढ्यानं भागलं तर बरं."

साहेब चार दिवसांत आले नाहीत. आज येणार, उद्या येणार करता करता तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत मी कितीदा ठरवलं की आत जावं आणि सांगावं, तलावावर हजारहा काही नाही, मी पदरचं लिहिलं होतं. कचेरीच्या पायरीपर्यंत जायचो आणि परत यायचो. नोकरी जाईल ही भीती नव्हती, कारण मला नोकरीच नव्हती. माझी उर्दू खोटी ठरेल, ही भीती होती. माणसाला कशाची चिंता असावी याला काही धरबंध नाही.

अखेर पौषात एका सकाळी डेरे पडले. घोडे, दोन मोटारी, हाकारे घालायला धरून आणलेले गावचे लोक. मला तिथं काही काम नव्हतं, तरी गेलो. बंदुका वाजल्या तशी सगळी पाखरं एकदम उठली, तलावावर मोठ्यानं ओरडत दोन फेऱ्या मारल्या. सहा-सात पडली. काही पाण्यात, काही गाळपेरीत. ती आणायला माणसं धावली, कुत्री धावली, आणि सगळ्यांची वाट तिच्या हरभऱ्यातून होती. पाखरांनी ठेवली होती ती खोडंही दुपारपर्यंत चिखलात गेली. साहेब मात्र जरा नाराज होते. हजारहा कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

थवा त्याच दिवशी गोदावरीकडे निघून गेला. एक पाखरू मागं राहिलं. त्याचा जोडीदार पडला होता त्या जागेवर ते दोन दिवस ओरडत घिरट्या घालत होतं, असं राखणदारानं मला बाजारात सांगितलं. सांगताना त्यानं विडी पेटवली नाही.

त्यानंतर मी ते काम फार दिवस केलं नाही. राज्य गेलं, उर्दू गेली, मी शाळेत मराठी शिकवू लागलो. पुढं कधीतरी वाचनात आलं की हे पक्षी हिमालयावरून उडत येतात, बर्फाच्या पलीकडे उन्हाळ्यात पिलं काढतात आणि थंडीपुरते आपल्याकडे उतरतात. एवढा पल्ला मारून ते आमच्या तलावावर येत होते, मूठभर हरभऱ्याच्या पाल्यासाठी. पुढच्या वर्षीही आले होते, मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तीस-चाळीस असतील, आणि माणूस दिसलं की दुरूनच उठत होते. त्यापुढच्या वर्षी दहा-बारा. मग मी जाणं सोडलं. मोजायला जीव होत नव्हता.

पण हे फार पुढचं झालं. बाई माझ्याकडे पुन्हा आली ती त्याच माघात, शिकारीनंतर पंधरा दिवसांनी. मी तिला लांबून येताना पाहिलं आणि उठून जावंसं वाटलं. शिव्या देईल, तर बरं होईल, असंही वाटलं. तिनं शिव्या दिल्या नाहीत. सतरंजीच्या कडेला बसली आणि म्हणाली, कागद घ्या. मुलगा धर्माबादेत सरकी-कापसाच्या कारखान्यात होता, त्याला पत्र घालायचं होतं.

मी घाईनं म्हणालो, "मावशी, नुकसानभरपाईचा अर्ज करू या का? मी चांगला लिहून देतो."

"न्हाई," ती म्हणाली. "पत्रच लिवा. लिवा, का, हरभरा गेला. शिमग्याला गावाकडं येऊ नको, घरात काही न्हाई. आमी तिघी तिकडंच यायलोत. पोरीला चालवत न्हाई, तर वाटंवर घ्यायला ये."

मी टाक दौतीत बुडवला. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, हलकेच.

"आणि दादा, ह्या खेपेला म्या सांगितलं तेवढंच लिवा."

मी तेवढंच लिहिलं. मग तिनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.