पत्र्याच्या तीस पाट्या

'शाळेला काय हवं?' असं विचारणारा माणूस दारात उभा राहिला की कौसल्याबाईंच्या कपाळाची शीर उडायला लागायची. विचारणारे पुष्कळ येत. देणारेही येत, खोटं कशाला बोला! पण मागितलेली वस्तू आणि आलेली वस्तू यांची जन्मात कधी गाठ पडली नाही. पोरांना बसायला तरटं मागितली, तर भिंतीवरचं घड्याळ आलं आणि आठवड्याच्या आत बंद पडलं. खडू मागितले, तर हार्मोनियम आली. आता भिवंडीबाहेर, शेलार गावाच्या अंगाला, दोन खोल्यांची कौलारू शाळा. पहिली ते चौथी, आणि शिकवणारी माणसं दोन. हार्मोनियम वाजवणार कोण? उंदीर? तर उंदीरच राहायला आले तिच्यात.

सरकारी पेटीची गोष्ट तर काढूच नये. चांगली लोखंडी पेटी, आत पृथ्वीचा गोल, भिंग, लोहचुंबक, तराजू, काय काय. पण रामनाथ गुरुजी पडले मुख्याध्यापक आणि जन्माचे भित्रे. 'फुटलं तर भरून कोण देणार, बाई?' एवढं एकच वाक्य त्यांना पाठ. किल्ली कंबरेला. पंधरा ऑगस्टला पृथ्वीचा गोल बाहेर निघायचा, टेबलावर बसून पाहुण्यांबरोबर भाषणं ऐकायचा आणि संध्याकाळी परत आत जायचा. पोरांनी पृथ्वी पाहिली ती लांबून.

"ज्या वस्तूला पोरांचा मळका हात लागत नाही, ती शाळेची नव्हे गुरुजी, पाहुण्यांची!" बाई ओरडायच्या.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणायचे, आणि किल्ली चाचपायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

कौसल्याबाई टेमघरच्या. वडील जकात नाक्यावर शिपाई, पण पोरींना शिकवायचं म्हणजे शिकवायचं, असा त्यांचा बाणा. बौद्धवाड्यातून मास्तरकीला लागलेली ही पहिली मुलगी. तिच्या नेमणुकीच्या दिवशी वडिलांनी अख्ख्या आळीला चहा पाजला होता. बाईंचा तापटपणाही वडिलांकडूनच आलेला. फरक एवढाच की वडील ट्रकवाल्यांवर ओरडत, बाई पाहुण्यांवर.

देणाऱ्यांचा नाद सोडून त्यांनी आपलं सामान आपणच जमवायला सुरुवात केली होती. शाळेच्या वाटेवर लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, दिवसभर खडखडाट. सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या तडकल्या की बाहेर फेकून देत. कागदाचे रिकामे कोन, रंगीत चिंध्या, सगळं दारात पडलेलं. बाई पिशवी उघडून उभ्या राहत. "आ गई मास्टरनी, कचरा लेने," मुकादम हसायचा. बाई म्हणायच्या, "हँसो मत, दो और डालो." त्या कांड्यांवर पहिलीची पोरं मोजायला शिकली. दहा कांड्यांची सुतळीनं बांधलेली मोळी म्हणजे दहा, सुट्ट्या म्हणजे एकेक. कोनांची माणसं झाली, चिंध्यांनी फळा पुसला. फुटलं तर फुटलं, हरवलं तर उद्या दुसरं. पेटीतल्या तराजूनं जे कधी शिकवलं नाही, ते या कचऱ्यानं शिकवलं.

अडलं ते एकाच गोष्टीवर. पाटी.

पाटी काही कचऱ्यातून होत नाही. ती घरून आणायची, दगडी, लाकडी चौकटीची. पोर धावत आलं, पडलं, की पाटीचे दोन तुकडे. मग घरी मार, आणि दुसऱ्या दिवसापासून पोर शाळेत नाही. त्या पावसाळ्यात काशीचं तेच झालं. काशी पहिलीत होती. चुणचुणीत, नाक सतत गळतं, पण एकदा दाखवलेलं अक्षर विसरायची नाही. तिची दुसरी पाटी फुटली, आणि तिच्या आईनं, मंदानं, तिला लूमवर नेऊन बसवलं. आई कांड्या भरायची, पोर त्या टोपलीत रचायची.

बाई तडक कारखान्यात गेल्या. "अगं मंदा, सहा वर्षांची पोर ती! पाटी मी घेऊन देते."

"आनि ती फुटली मंग?" मंदाचे हात थांबले नाहीत.

"न फुटणारी देते. पत्र्याची."

"येकटीला नको, बाई. उद्या वस्ती म्हनंल, मंदानं बाईकडं भीक मागितली. शाळंनं समद्यांना दिली तर आमी बी घेऊ. तवर ती हितंच बरी. निदान रडत तरी न्हाय."

बाईंना संताप आला. पण मंदाच्या जागी त्यांची आई असती तर हेच बोलली असती. काशी टोपलीजवळ बसून कांड्यांच्या दहा-दहाच्या राशी लावत होती. ते पाहून तर बाईंचा जीव नुसता तळमळला.

तेवढ्यात दामूशेठ उगवले. दामूशेठ गावचेच, भातशेती करणारे. पडघ्याच्या बाजूची जमीन गोडाउनला गेली आणि दामूचे दामूशेठ झाले. मनानं माणूस उदार. आईच्या नावानं शाळेला काहीतरी द्यायचं त्यांच्या मनात आलं. गुरुजींना पंखा सुचला. शाळेत वीज कुठे होती?

"पाट्या मागा," बाईंनी बजावलं. "पत्र्याच्या. लहान. तीस. दुसरं अक्षर तोंडातून काढू नका."

गुरुजींनी खरोखरच दुसरं अक्षर काढलं नाही. तिथेच तर घोटाळा झाला! शेठच्या ओटीवर काय बोलणं झालं ते गुरुजींनी नंतर सांगितलं, आणि ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला.

"पत्र्याच्या पाट्या? तीस?" शेठ म्हणाले होते. "येवड्याशा शाळंला तीस?"

"हो, लहान-लहान."

"बरं. त्याच्यावर लिवायचं काय?"

"अहो शेठ, काय लिहायचं ते! अक्षरं, शब्द, चांगलं-चांगलं."

"चांगलं-चांगलं. समजलं."

आणि तुम्हालाही समजलं असेल. पण बाईंना बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यांनी मंदाला निरोप धाडला, सोमवारी काशीला घेऊन ये, सगळ्यांना पाट्या मिळणार आहेत. मंदा अर्धी शिफ्ट बुडवून आली. काशीच्या केसांना तेल, अंगावर धुतलेला फ्रॉक. टेम्पो आला, नारळ फुटला, शेठनी स्वतःच्या हातानं गोणपाट ओढलं.

पिवळ्याधमक रंगावर लालभडक अक्षरं. 'येथे थुंकू नये.' 'शांतता राखा.' 'खोटे बोलू नये.' हायवेवरच्या यादव पेंटरनं तीस पाट्या रंगवल्या होत्या. सात-आठ सुविचारांत बिचाऱ्याचं 'चांगलं-चांगलं' संपलं. मग गोडाउनवाल्यांसाठी नेहमी लिहितो ते त्यानं उतरवलं होतं. 'गाडी येथे उभी करू नये.' 'धूम्रपानास सक्त मनाई.' 'माल उतरवताना सावधान.' आणि प्रत्येक पाटीच्या तळाला ठसठशीत: मातोश्री धोंडूबाई यांजकडून.

गुरुजींनी टाळ्या वाजवल्या. काय करतील, सवय!

मंदानं एकदा पाट्यांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. काशीचं मनगट धरलं आणि चालू लागली. बाईंच्या घशात हुंदका आणि शिवी एकदमच आली. दोन्ही गिळून त्यांनी शेठना नमस्कार केला.

शेठची गाडी वळणावरून दिसेनाशी होते न होते, तोच बाईंनी एक पाटी उचलली आणि उलटी केली. मागची बाजू कोरी होती, गुळगुळीत पत्रा.

"गुरुजी, फळ्याला द्यायचा काळा रंग बाहेर काढा."

"बाई! शेठची वस्तू आहे! भिंतीवर लावायची..."

"भिंतीवर लावून कोणाला सांगताय, गाडी उभी करू नये म्हणून? बाहेरच्या त्या म्हशीला? रंग काढता की मी डबा फोडू?"

गुरुजींनी रंग काढला. दोन दिवस व्हरांड्यात तीस पाट्या पालथ्या वाळत पडल्या. मग प्रत्येक पोराच्या मांडीवर एक. खडूनं झकास उठायचं. आपटली तर नुसती खणखणायची, फुटायचं नाव नाही. बाई पुन्हा लूमवर गेल्या. "समद्यांना दिल्यात. येऊन बघ." मंदानं येऊन, प्रत्येक मांडी पाहून, खात्री करून घेतली. मग म्हणाली, "बस, काशे."

आता पोरांची गंमत पाहा. मागच्या बाजूला काय लिहिलंय, हे पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंकडून वाचून घेतलं. वरचा मजकूर प्रत्येकाचा निराळा, पण तळचं नाव सगळ्यांचं एकच. पोरांनी साधा हिशेब केला, या वस्तूचंच नाव धोंडूबाई असणार. दगडी ती पाटी, पत्र्याची ती धोंडूबाई. "बाई, माझी धोंडूबाई घरी राहिली." "बाई, हा माज्या धोंडूबाईवर बसला." बाईंनी शंभरदा दटावलं, अरे, शेठच्या आईचं नाव आहे ते! पण वर्गानं एकदा नाव ठेवलं की ते बदलायला ब्रह्मदेवही येत नाही. आणखी एक रोजचं दुखणं म्हणजे थुंकी. ओलं फडकं जवळ ठेवलं तरी पोरं पाटी पुसणार ती थुंकीनंच. ओरडून ओरडून बाईंचा घसा बसला.

दिवाळीच्या आधी एका दुपारी बाहेर गाडी थांबली. दामूशेठ आईला घेऊन आले होते, तिच्या नावाच्या पाट्या भिंतींवर कशा शोभतात ते दाखवायला. म्हातारी वाकलेली, नऊवारी कासोटा, काठी टेकत आत आली. शेठनी चारी भिंती पाहिल्या. भिंती नागड्या. काही विचारणार, इतक्यात काशीनं भोकाड पसरलं,

"बाईऽ! ह्या सोमानं माज्या धोंडूबाईवर थुकलं!"

बाईंना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

शेठनी सोमाच्या मांडीवरची पाटी हिसकली आणि उलटी केली. त्यांचा चेहरा काळानिळा झाला. "माज्या आयेचं नाव पोरांच्या मांडीवर पालथं घातलं? वर थुकतात? न्हाय न्हाय, बाई, चांगला मान दिलात! म्हादू, समद्या गोळा कर. घाल गाडीत."

"शेठ, चूक झाली, शेठ," गुरुजींचे हात जोडलेलेच.

"चूक कसली?" बाईंचा तोल सुटला. "चूक म्हणे! पोरांना लिहायला पाट्या मागितल्या होत्या, शेठ. लिहायला! त्याच कामाला लावल्यात. न्यायच्या तर न्या. पण ज्यांच्या मांडीवरून उचलताय ना, त्यातली निम्मी उद्या शाळेत दिसायची नाहीत, तेवढं ध्यानात ठेवा!"

शेठ ऐकायला तयार नव्हते. ड्रायव्हर महादू खाली मान घालून ओळीनं पाट्या उचलू लागला. पोरं देत होती. मोठ्या माणसानं मागितलं की द्यायचं, एवढं त्यांना माहीत होतं. काशीपाशी तो आला. काशीनं पाटी छातीशी दोन्ही हातांनी आवळली.

"दे गं, बाय."

"न्हाय देनार. धोंडूबाई गेली का आय मना लूमवर बसवंल."

महादूनं शेठकडे पाहिलं. शेठ पुढे झाले, पण त्यांच्या आधी काठी टेकत म्हातारी पोचली. ती काशीसमोर हळूहळू खाली बसली.

"काय नाव म्हनलीस गं ह्याचं?"

"धोंडूबाई," काशी हुंदके देत म्हणाली. पाटी उलटी करून तिनं एकेका लाल अक्षरावर बोट ठेवलं. "धों. डू. बा. ई."

म्हातारीनं तिच्या बोटामागून आपलं बोट फिरवलं. "आसं लिवत्यात व्हय! मना कुटं ठावं." मग म्हणाली, "ती मीच हाय गं."

काशीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी कशा? तुमी तर आजी."

म्हातारी हसायला लागली. तोंडात दात नाहीत, डोळ्यांना पाणी. "दामू, तुज्या आज्याला पोरगा पायजे व्हता. झाली मी. म्हून धोंडू नाव ठिवलं, धोंडा पदरात पडला म्हून. कोनी मांडीवर घेतली न्हाय रं मना. आन हितं बघ, तीस पोरांनी घेतली. ठिव त्या माघारी."

महादूनं शेठना विचारलंही नाही. उचललेल्या पाट्या तो ज्याच्या त्याला परत देऊ लागला. काशीनं फ्रॉकला नाक पुसलं, पाटी काळ्या बाजूनं मांडीवर टाकली आणि सोमानं बिघडवलेलं अक्षर पुसायला सवयीनं तिच्यावर थुंकली.

"अगं काशे!" बाई किंचाळल्या. शेठही दचकून पुढे झाले. "आये, बघ..."

म्हातारीनं काठी आडवी घातली.

"पुसू दे रं. पुसल्याबिगर नवं कसं लिवंल ती?"