विसावा नंबर

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. धाड गावाजवळच्या, कापसातून सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये मी गड्यांची हजेरी घ्यायचो. त्या हंगामात कापूस कमी आला, तेव्हा मालकांनी मला बोलावून सांगितलं, "गडी वीस आहेत. कामाप्रमाणे एक ते वीस नंबर लाव. शेवटचे चार उद्यापासून बंद."

मला संताप आला. माणसांना काय बैलांसारखे नंबर लावायचे? पण तोंडातून "बरं" एवढंच निघालं. मग मी माझ्या परीनं शहाणपणा केला. ज्यांच्या घरी वावर, म्हणजे स्वतःचं शेत होतं, त्या चौघांना खाली टाकलं. म्हणजे कोणी उपाशी राहणार नाही. सगळ्यात कसबी गड्याकडे विहिरीचं वावर होतं. त्याला विसावा लिहिला आणि समाधानानं घरी गेलो.

मालकांनी ती यादी सकाळी फाटकावर चिकटवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी लोक त्या माणसाला "ए वीस नंबर" म्हणून हाका मारत होते. भज्यांच्या दुकानाशी त्यानं मला गाठलं.

"बाबूजी, मी कामचोर होतो काय?"

"नाही हो. तुमच्यासारखं काम कोणाला येत होतं? तुमच्या घरी वावर आहे, म्हणून..."

"मंग तसं लिहलं काऊन नाही?"

लिहायला जागा नव्हती असंही म्हणता येईना. त्या कागदाचा अर्धा भाग कोराच होता.