रेनियमचं पथ्य

चिखली आली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पुण्याहून रात्रभर बसून पाठीचा पार भुगा झाला होता. अमडापूरच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर चौथी म्हणून मला कोंबलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं), वेचणी संपत आलेली. शेजारच्या गृहस्थांनी कोणाकडे म्हणून विचारलं. वसंत गुरुजींची भाची, असं सांगताच ते सरसावून बसले.

"म्हंजे कॅन्सरचं औषध काढलं ते तुम्हीच? गुरुजी कधीचे वाट पाहून राह्यले तुमची."

रेनियम नावाच्या दुर्मिळ धातूवर मी काम करते. विमानाच्या इंजिनात वापरतात तो. त्याच्याभोवती विशिष्ट रेणू जोडले की तयार होणारे काही पदार्थ काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी मारतात. बशीत! उंदरापर्यंतही आम्ही अजून पोचलेलो नाही. मामांच्या पोटाच्या कॅन्सरवर अकोल्याला केमो चालू आहे, जरा धीर द्यावा, एवढ्यासाठी मी निघाले होते.

मामा ओसरीवर खाटेवर बसले होते. अंगातला सदरा दोन मापं मोठा वाटत होता. मामींनी मला बेसन-भाकर आणि ठेसा (ठेचा) वाढला. मामांच्या ताटात मात्र नुसती मुगाची खिचडी, तीही बिनमिठाची. विचारलं तर मामी म्हणाल्या, पथ्य आहे. तेल, आंबट, मीठ, चहा, सगळं बंद.

"अन् अकोल्याची केमोची सलाईनबी बंद केली. दोन औषधं एका अंगात भांडतात. नवं लागू व्हाले आधी अंग कोरं लागते."

झाडपाल्याचं औषध देणारे इथे हेच सांगतात. मामींच्या भावाची कावीळ असंच पथ्य धरून उतरली होती म्हणे. माझ्या औषधालाही त्यांनी तोच मान दिला होता. दीड महिना केमो बंद होती.

समोर भिंतीवर कात्रण चिकटवलेलं होतं. माझा फोटो, वर 'कॅन्सरवर औषध सापडले'. तेच मामांनी दीड महिन्यापूर्वी मला फोनवर पाठवलं होतं. मथळा चूक आहे हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण फोटो छान आला होता, मी धन्यवाद लिहून मोकळी झाले.

"मामा, हे अजून कुणाही माणसाला दिलेलं नाही," मी म्हटलं. "निरोगी माणसाला ते मारणार नाही, एवढंही आम्हाला माहीत नाही."

मामा म्हणाले, "मंग पयले मले दे. कोनाले तरी द्याच लागंन ना?"

माझ्याकडे द्यायला काही नव्हतंच, आणि असतं तरी दिलं नसतं. तसं म्हटल्यावर मामी उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी अकोला गाठलं. डॉक्टरांनी नवा स्कॅन पाहिला. ते रागावलेसुद्धा नाहीत, तेव्हाच मी काय ते समजले. गाठ यकृतात पोचली होती. आता केमो त्रास कमी करण्यापुरती, असं ते म्हणाले. बाहेर बाकावर मामांनी माझा हात धरला.

"पोरी, पथ्य मी एक दिवस मोडलं नाही बरं."

मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

पुण्यात परत आले. बशीतल्या पेशी नेहमीसारख्या मरतात, मी नोंदी करते. काम सोडणार नाही, उद्या त्यातून खरंच औषध निघेलही. पण ते कात्रण आलं ती दुपार काही केल्या डोक्यातून जात नाही. फोन उचलून एवढंच सांगायचं होतं की मामा, पेपरवाल्यांनी चुकीचं छापलंय, तुमची सलाईन चालू ठेवा. दोन मिनिटांचं काम होतं.