पदराने टिपलेले थेंब

माझ्या चार वर्षांच्या भाचीला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. "एवढ्याशा पोरीला?" असं आमच्या धसई गावात सगळेच विचारायचे. मी तेव्हा मुरबाडच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच, म्हणून कागद वाचायला ताईने मला शहापूरच्या पुढच्या दवाखान्यात सोबत नेलं. आधी उजवा डोळा करायचं ठरलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने माझ्या हातात औषधाची बाटली आणि एक कागद दिला. दर दहा मिनिटांनी एक थेंब टाकायचा आणि कागदावर खूण करायची. थेंबांनी डोळ्याची बाहुली मोठी होते, तेव्हाच आतलं नीट दिसतं, असं तिने समजावलं.

मी घड्याळ बघून थेंब टाकायचो आणि खूण करायला वळायचो. तेवढ्यात ताई पोरीचा डोळा पदराने टिपायची. चांगल्या कामाला जाताना डोळ्यात पाणी दिसलं की तिच्या सासरी अपशकुन मानतात. मी दोनदा पाहिलं. पण ताई मोठी, त्यात सकाळपासून उपाशी. मला बोलवेना. खुणा मात्र सगळ्या केल्या.

डॉक्टर मॅडमनी बॅटरी मारून पाहिलं. बाहुली जेमतेम उघडली होती. त्यांनी माझा कागद बघितला.

"सगळे थेंब जाऊनही उघडत नाही. लहान मुलांत होतं असं. एवढ्याशा बाहुलीतून हात घालणं धोक्याचं. आज नको, वेगळी तयारी करून पुन्हा बोलावू."

ताईचा चेहरा उतरला. सासऱ्यांना तिने कसंबसं तयार केलं होतं. तसंच परत गेलो असतो, तर पोरीला पुन्हा कुणी पाठवलं नसतं.

मी पुढे झालो. "मॅडम, मी थेंब टाकले, पण ते डोळ्यात राहिले नाहीत. पुसले गेले. मी बघितलं होतं."

"बघितलंस तं बोलला का नाय रे?" ताई उसळली. "कॉलेजात तोंड शिवून पाठवतात का?"

मॅडम रागावल्या नाहीत. "पुन्हा टाका. थेंब पडला की डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरायचा. पुसायचं तर गाल पुसा."

ताईने पदर कमरेला घट्ट खोचला. पोरीला मांडीवर घेऊन ती म्हसा गावच्या जत्रेतल्या पाळण्याचं सांगत राहिली. तिचं बोट जागचं हललं नाही. मी तेवढा वेळ बोटाकडेच बघत होतो.

मॅडमनी पुन्हा बॅटरी मारली. काळी बाहुली चांगली मोठी झाली होती आणि तिच्यात मोतीबिंदूचा पांढरा गोळा अख्खा दिसत होता.

"आता बरं. घ्या आत."

मी बाहेर बाकावर बसलो.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. भाची माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"मामा, तुला मिशी हाय?"

"हाय गो, थोडीशीच," ताई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

डाव्या डोळ्याच्या वेळी तिने मला आधीच बजावलं, "खूण मागनं कर. पयला माझ्या हाताकडं बघ."