नाजूक बाई

"दो बच्चे निकाले हैं ना आपने? फिर इतना नाटक क्यों?"

डॉक्टर हे म्हणाला तेव्हा मी टेबलावर उताणी होते. कमरेखाली कपडा नव्हता. कागदाची एक चादर होती, ती घसरली होती. पाय दोन लोखंडी आधारांत अडकवलेले. आतून तपासायचं ते चोचीसारखं स्टीलचं यंत्र त्याने तसंच कोरडं घातलं होतं. आत कुणीतरी सोलतंय असं वाटलं. मी ओरडले. फार मोठ्याने नाही. पण ओरडले.

पडद्यापलीकडे माझा नवरा खुर्चीवर बसला होता. डॉक्टरने मान वळवली आणि त्याला म्हणाला, "भाईसाब, मैडम बहुत नाज़ुक हैं."

आणि नवरा हसला.

छोटंसं हसू. साहेबाने विनोद केल्यावर हसतात तसं.

छतावर एका तळ्याचा फोटो चिकटवला होता. बाईने झोपल्या झोपल्या बघत राहावं म्हणून. मी त्या तळ्याकडे बघत राहिले. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं. शेजारच्या ट्रॉलीवर यंत्राला लावायच्या बुळबुळीत जेलची ट्यूब होती. झाकण लावलेली. त्याने तिला हातसुद्धा लावला नाही.

हे कॅनडातल्या मिल्टनमधलं. दोन हजार आठ-नऊचा सुमार. गाव झपाट्याने वाढत होतं. शेतं खणून घरं उठत होती, सगळी एकसारखी. माणसं येत होती, डॉक्टर येत नव्हते. नवे पेशंट घेणारा फॅमिली डॉक्टर मिळावा म्हणून लोक वर्ष-वर्ष वाट बघायचे. आम्हाला हा मिळाला तो नवऱ्याच्या ऑफिसातल्या ओळखीने. "आपलाच माणूस आहे," नवरा म्हणाला होता. "हिंदी बोलतो. आपले सगळे लोक त्याच्याकडेच जातात."

आपलाच माणूस.

माझी पाळी त्रेचाळिसाव्या वर्षी गेली. लवकरच. घाम, चिडचिड, हे मी ऐकून होते. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. आग सुरू झाली. बसलं की आग. लघवीला गेलं की आग. जीन्स घातली की चालताना आग. नवरा जवळ आला की सुरीने चिरल्यासारखं व्हायचं, आणि सकाळी चड्डीला रक्ताचा डाग. मी नको म्हटलं की तो कूस बदलायचा. मग आठवडाभर धड बोलायचा नाही. जेवताना टीव्हीकडे बघायचा. त्या अबोल्याला कंटाळून मीच हो म्हणायचे. दात आवळून. उशीचा कोपरा मुठीत धरून. त्याला कळत नव्हतं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगितलं.

रक्त थांबेना म्हणून डॉक्टरकडे गेलो होतो.

टेबलावरून उतरून कपडे घातले, खुर्चीत बसले. खाली ठणकत होतं. डॉक्टर नवऱ्याशी बोलायला लागला. माझ्या अंगाबद्दल, नवऱ्याशी. "इन्फेक्शन नहीं लगता. इस उमर में ये सब होता है. थोड़ा सबर रखिए." मग माझ्याकडे वळला. "बच्चे बड़े हो गए ना? मन कहीं और लगाइए. और पति को थोड़ा कोऑपरेट कीजिए."

नवरा थँक्यू म्हणाला. मीही म्हणाले. तोंडातून निघून गेलं.

हा सूर मला नवा नव्हता. मुलीच्या वेळी मी नागपूरच्या सरकारी दवाखान्यात होते. कळा असह्य होऊन ओरडले तेव्हा आयाने मांडीवर फाडकन मारलं होतं. "तेव्हा नाही ओरडली?" म्हणाली होती. त्याआधी तिने आमच्या वस्तीचं नाव विचारलं होतं. ते ऐकलं की तिथल्या लोकांचा हात सैल सुटायचा. शेजारच्या खाटेवर डॉक्टरीणबाईंच्या ओळखीतली एक होती. तिला 'ताई, जोर लावा' म्हणत होते. मी तेव्हा रडले, आणि मनात म्हटलं, शिकू, निघून जाऊ इथून. शिकले. एम.एस्सी. केलं. समुद्र ओलांडला. आणि परत पाय फाकवून तेच ऐकलं, वेगळ्या भाषेत.

माझ्या एम.एस्सी.ला इथे कुणी विचारलं नाही. मी एका औषधांच्या दुकानात कॅशवर उभी राहायचे. मधल्या वेळात शेल्फं भरायचे. त्यात एक शेल्फ कंडोमच्या शेजारचं. तिथे त्या जेलच्या ट्यूबा. किती खोकी फोडली, किती ट्यूबा ओळीत लावल्या. आपल्या बायका त्या रांगेतून मान खाली घालून भराभर जायच्या. कुणी घेतलीच तर चिप्सच्या पाकिटाखाली दडवून कॅशवर आणायची, आणि मी तिच्याकडे न बघता ती स्कॅन करायचे. मला वाटायचं, ही चैनीची वस्तू आहे. मौजमजा करणाऱ्यांची. आपल्या दुखण्याशी तिचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्या तपासणीनंतर थोड्याच दिवसांनी एक बाई आली. आमची नेहमीची गिऱ्हाईक. गोरी, सत्तरी ओलांडलेली, वॉकर घेऊन चालायची. त्या शेल्फापुढे उभी राहून तिने मला हाक मारली. इंग्रजीत म्हणाली, "यातली कुठली जळजळत नाही, सांग बरं."

माझे कान तापले. "फार्मासिस्टला बोलावते," मी म्हटलं.

"बोलाव. पण तू का लाजतेस? दुखतंय मला."

फार्मासिस्ट आली. तरुण मुलगी. दोघी खोकल्याच्या औषधाबद्दल बोलावं तशा बोलायला लागल्या. पाण्यापासून केलेली घ्या, सुगंधाची नको, गरम वाटणारी तर मुळीच नको. रोजच्या कोरडेपणाला वेगळं मिळतं. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ होते, तेवढ्याने भागलं नाही तर आत लावायचं हार्मोनचं क्रीम असतं, ते डॉक्टर लिहून देतो. मी बाजूला रिकामं खोकं घेऊन उभी. पातळ होते. म्हणून फाटते. म्हणून रक्त. दोन वर्षं मी जे सोसत होते त्याला नाव होतं, आणि त्यावरचं औषध मीच त्या शेल्फावर मांडत होते.

कॅशवर ती बाई म्हणाली, "माझ्या डॉक्टरनेच सांगितलं हे घ्यायला. फार सभ्य माणूस. तपासायच्या आधी जेल लावतो, गार लागेल म्हणून सॉरीसुद्धा म्हणतो." आणि तिने कौतुकाने डॉक्टरचं नाव घेतलं.

माझाच डॉक्टर.

मी तिचे सुटे पैसे हातात धरून तशीच उभी राहिले. तिने विचारलं, "बरी आहेस ना?"

त्या बाईवर माझा राग नव्हता. तिला मिळालं ते योग्यच मिळालं. पण त्याच टेबलावर, त्याच ट्रॉलीशेजारी, त्याच हातांनी. तिला सॉरी, मला नाटक. म्हणजे त्याला येत होतं. त्याला सगळं माहीत होतं. गोऱ्या म्हातारीला दुखतं हे त्याला पटत होतं. ती तक्रार करील हेही त्याला माहीत होतं. आपली बाई काय करणार? आपली बाई थँक्यू म्हणणार.

त्या दिवशी मी एक ट्यूब घेतली. माझ्याच दुकानातून, चिप्सखाली न लपवता. घरी नवऱ्याने ती बाथरूममध्ये पाहिली.

"हे काय आणलंस?"

"दुखतं म्हणून."

"तू काम करतेस तिथूनच? कुणी पाहिलं असेल तर?"

"पाहू दे."

त्याने ट्यूब उलटी करून खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे मी कमी पडतो असं म्हणायचंय तुला?"

मी माझ्या दुखण्याबद्दल बोलत होते. त्याला त्यात स्वतःचंच नाव ऐकू आलं.

काही आठवड्यांनी क्लिनिकमधून फोन आला. मागच्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाचा घेतलेला नमुना नीट आला नव्हता, टेस्ट परत करायची होती. नवरा सोबत आला. आत बोलावलं तसा तोही उठला. मी म्हटलं, "तुम्ही इथेच बसा." तो बसला.

परत तेच टेबल. तेच तळं. डॉक्टर हातमोजे घालून आला आणि ते यंत्र उचललं.

"पहले जेल लगाइए," मी म्हटलं.

"उससे टेस्ट खराब होता है."

"थोडंसं लावलं तर होत नाही. मी फार्मासिस्टला विचारून आलेय." हे मी हिंदीत म्हणाले, पण आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "आणि तुम्ही लावता. इथल्या बायकांना लावता. मला माहीत आहे."

तो हसला. "वो लोग अलग होते हैं. उनको आदत नहीं होती सहने की. हमारी औरतें स्ट्राँग होती हैं."

मागच्या वेळी नाजूक. या वेळी स्ट्राँग. त्याच्या सोयीने.

आणि त्याने हात पुढे केला.

मी पाय आधारांतून काढले आणि उठून बसले. मग इंग्रजीत बोलले. मुद्दाम. एकेक शब्द सुटा. "स्टॉप. आय डू नॉट गिव्ह कन्सेंट."

त्याचा चेहरा बदलला. हिंदीतलं माझं म्हणणं त्याला बायकी कुरकुर वाटली होती. या शब्दाने तो एक पाऊल मागे सरकला.

"आवाज़ मत कीजिए. बाहर लोग बैठे हैं."

"बसू देत." हे मराठीतच निघालं.

"मुझ पर भरोसा नहीं तो दूसरा डॉक्टर ढूँढ लीजिए. पूरी फैमिली के लिए."

ही त्याची खरी ताकद होती. आमची चौघांची नावं त्याच्याकडे होती. मुलीचा दमा, नवऱ्याचं बीपी. तो नको म्हणाला की आम्ही पुन्हा वर्षभर वाट बघणार. त्याला वाटलं मी आता परत आडवी होईन.

"ढूँढ लेंगे," मी म्हटलं आणि कपडे घातले. तो खोलीतच होता. मी पाठ फिरवली नाही.

बाहेरच्या खोलीत सगळ्या खुर्च्या भरलेल्या. बऱ्याचशा आपल्याच बायका. कुणी सुनेसोबत, कुणी नवऱ्यासोबत. मी मधोमध थांबले आणि हिंदीत म्हणाले, "आत जेलची ट्यूब असते. तपासायच्या आधी मागून घ्या. दुखलं तर थांबा म्हणा. त्याला थांबावंच लागतं."

एकीने पोराच्या टोपीची गाठ सोडून परत बांधली. रिसेप्शनवरची मुलगी कॉम्प्युटरकडे बघत राहिली. एका कोपऱ्यात माझ्याच वयाची एक होती, डोक्यावर ओढणी घेतलेली. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पाहत राहिली.

नवरा माझ्या आधी बाहेर पडला होता. गाडीत त्याच्या रागाचा स्फोट झाला.

"वेड लागलंय का तुला? आता कुठून आणायचा डॉक्टर? सगळ्या लोकांसमोर असलं बोलतात? ऑफिसात उद्या तोंड कसं दाखवू? एवढंसं सहन झालं नाही तुला?"

"तुम्ही हसलात," मी म्हटलं.

"काय?"

"मागच्या वेळी. मी ओरडले, तो नाजूक म्हणाला, आणि तुम्ही हसलात."

त्याने गाडी सुरू केली नाही. काचेवर बर्फाचा भुगा पडत होता. काचेकडेच बघत म्हणाला, "काय करायचं ते कळलं नाही मला. म्हणून हसलो."

ते खरं असेल. पण मी 'असू दे' म्हणाले नाही. घर येईपर्यंत म्हणाले नाही, आजतागायत म्हणाले नाही.

डॉक्टर मिळायला बरेच महिने गेले. मुलीचा दमा उठला की वॉक-इन, म्हणजे वेळ न घेता जायच्या क्लिनिकमध्ये तासन् तास बसलो. मला शेवटी जवळच्या ग्वेल्फ शहरात एका बायकांच्या क्लिनिकमध्ये जागा मिळाली. तिथली नर्स तपासायच्या आधी प्रत्येक गोष्ट सांगत होती. आता हात लावते, आता गार लागेल, नको वाटलं तर सांगा. छोटं यंत्र घेतलं, जेल लावलं. दुखलं नाही. टेस्ट नीट आली. तिथल्या डॉक्टरने क्रीम लिहून दिलं. दोन-तीन महिन्यांत आग गेली, रक्त गेलं.

त्या तपासणीच्या दिवशी गाडीत येऊन मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. सुखाने नाही. संतापाने. एवढं सोपं होतं. एक ट्यूब, एक क्रीम, आणि चार शब्द नीट बोलणारं माणूस. एवढ्यासाठी माझी दोन वर्षं जाळली. माझ्या आईची, तिच्या आईची तर सगळीच जळली असतील, त्यांनी कुणाला सांगितलंही नसेल.

डॉक्टरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेकडे मी तक्रार केली. उत्तर आलं की त्याला संभाषणात काळजी घेण्याची सूचना दिली आहे. तो तिथेच आहे. खुर्च्या भरलेल्याच असतात. आपल्या लोकांत माझ्याबद्दल बोललं जातं, हळदीकुंकवाला दोन घरांनी बोलावणं बंद केलं. बरं झालं.

मुलीला मी सगळं सांगितलं. ती "मॉम, प्लीज, स्टॉप" म्हणत कानावर हात ठेवून बसली. मी थांबले नाही. ऐकलं तिने.

नवऱ्यालाही सांगून ठेवलंय. दिवसाउजेडी, स्वयंपाकघरात, समोर उभं करून. दुखलं की मी नको म्हणेन. नको म्हटलं की थांबायचं, आणि त्यानंतर अबोला धरायचा नाही. माझं अंग दात आवळून मी आता कुणालाही देणार नाही, डॉक्टरला नाही आणि तुम्हालाही नाही. ज्या दिवशी तुम्ही थांबणार नाही, त्या दिवशी मी या घरातून निघून जाईन.

त्याने बोलावं म्हणून मी सांगितलंच नव्हतं.