दोन्ही तुकड्यांवर जोर

बारामतीत एसटी स्टँडच्या मागं, एका मेडिकलच्या वरच्या खोलीत मी नर्सिंग झालेल्या मुलींना नॉर्वेजियन शिकवायचो. खरं तर मला येत होतं जर्मन, तेही कामापुरतं. नॉर्वेजियनचं पुस्तक मी मुलींच्या चार धडे पुढं राहून वाचत होतो. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा माझा रुबाब.

त्या भाषेत शब्दाला शब्द जोडून लांबलचक शब्द करतात. 'स्यूके' म्हणजे आजारी, 'हूस' म्हणजे घर. स्यूकेहूस म्हणजे दवाखाना. मी फळ्यावर शब्दाच्या मधोमध रेघ मारायचो आणि दोन्ही तुकडे सारख्याच जोरानं म्हणवून घ्यायचो.

वर्गात निरवांगीची एक मुलगी होती. इंदापुरात दवाखान्यातली ड्यूटी संपवून एसटीनं यायची. एकदा तिनं हात वर केला.

"सर, पुस्तकाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग हाय, त्यातली बाई पयला तुकडा दाबून म्हणती अन् दुसरा हळूच सोडती. आपण दोन्हीवर जोर देतो, ते बरोबर हाय का?"

मला राग आला. उत्तर माहीत नव्हतं, म्हणून जास्तच आला. "आता तू मला शिकवणार का?" म्हणालो आणि सगळ्यांसमोर तिला माझ्या पद्धतीनं तो शब्द वीसदा म्हणायला लावला. मुली हसल्या. मीही हसलो. त्यानंतर तिनं वर्गात कधी काही विचारलं नाही.

नॉर्वेतल्या नोकरीसाठी तिची ऑनलाइन मुलाखत माझ्याच खोलीत झाली. पलीकडची बाई दर वाक्याला 'पुन्हा सांगा' म्हणत होती. ही मी शिकवल्याप्रमाणं शब्द तोडून तोडून बोलत राहिली. निवड झाली नाही. ती गेल्यावर पुस्तकाचं मोबाईलवरचं ते रेकॉर्डिंग मी पहिल्यांदाच कान देऊन ऐकलं. पोरीचंच बरोबर होतं.

आठवड्यानं ती शेतातले पेरू घेऊन आली. "सर, तुमी एवढं शिकवलं. माझीच जीभ जड हाय," म्हणाली.

खरं सांगायची तीच वेळ होती. मी काय म्हणालो ते आज लिहितानाही मान खाली जाते. मी म्हणालो, "तुझा सराव कमी पडला."

"व्हय, सर." तिनं पिशवीतून वही काढली. "कोणते शब्द घोकू?"

माझी चूक उघडी पडेल म्हणून मी नुसती शब्दांची यादी लिहून दिली. जोर कुठं द्यायचा, ते तेव्हाही सांगितलं नाही.